अग्रिप्पाच्या पाण्यामागे सहा दिवस

पहिला दिवस : पोत्सुओली

इटलीतल्या नापोलीहून, म्हणजे नेपल्सहून, लोकलने पोत्सुओलीला उतरलो आणि स्टेशनबाहेर पडताच गंधकाचा वास आला. लेक म्हणाली, "आई, हा वास आता तीन दिवस सोबतच राहणार." ती नापोलीत शिकते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला थोडी उसंत होती, म्हणून मी आत्ताच आले. आले ती एका माणसासाठी. मार्कस अग्रिप्पा.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच्या बहुतेक लढाया ज्याने जिंकून दिल्या तो अग्रिप्पा. इ.स.पू. 63च्या आसपासचा जन्म, घराणं अगदीच साधं. व्हिप्सानियस हे त्याच्या घराण्याचं नाव, पण ते तो स्वतःच वापरत नसे, नुसतं अग्रिप्पा म्हणवून घेई. ऑगस्टस तेव्हा ऑक्टेव्हियन होता, कोवळा पोरगा. दोघं मित्र अपोलोनिया या ग्रीक शहरात शिकायला होते आणि तिथेच इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरच्या खुनाची बातमी पोहोचली. पुढची बत्तीस वर्षं, मरेपर्यंत, अग्रिप्पाने या मित्राची साथ सोडली नाही.

माझीही नोकरीची बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात गेली, त्यातली बरीचशी औरंगाबादेत. तिथे नहर-ए-अंबरी पाहता पाहता मलिक अंबर मनात ठाण मांडून बसला. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, स्वतः तख्तावर कधी बसला नाही, आणि पुढे औरंगाबाद झालेल्या खडकी गावाला जमिनीखालून पाणी आणलं. लढणारे पुष्कळ असतात. लढून झाल्यावर लोकांच्या प्यायच्या पाण्याकडे वळणारे किती, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. अग्रिप्पाचं नाव त्यातूनच हाताला लागलं.

पोत्सुओलीत आज दोनच गोष्टी पाहिल्या. गावाच्या मधोमध रोमन बाजाराचे अवशेष आहेत आणि त्यात तीन उंच संगमरवरी खांब. खांबांच्या मधल्या पट्ट्यात असंख्य भोकं. ती समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली. म्हणजे हे खांब एकेकाळी तेवढ्या उंचीपर्यंत समुद्रात बुडाले होते आणि नंतर पुन्हा वर आले. इथली जमीनच श्वास घेतल्यासारखी खालीवर होते, कारण सगळा परिसर एका प्रचंड ज्वालामुखीच्या तोंडावर वसलेला आहे. गेल्या काही वर्षांत जमीन पुन्हा वर येते आहे. जुन्या बंदराच्या छोट्या गोदीत होड्या चिखलावर कलंडून पडल्या होत्या, खालचं पाणीच सरकलेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पायाखालची राखाडी माती. ही ज्वालामुखीची राख चुन्यात कालवली की तो चुना पाण्याखालीही घट्ट होतो. पोत्सुओलीच्याच नावावरून तिला पोत्सोलाना म्हणतात. रोमन लोकांची बंदरं आणि टाक्या दोन हजार वर्षं टिकल्या त्याचं मोठं कारण ही माती. मूठभर उचलून चोळून पाहिली. बोटांना खरखरीत लागली, सुरखीसारखी, म्हणजे विटांच्या भुकटीसारखी.

दुसरा दिवस : लुक्रिनो आणि अव्हेर्नो

कुमाना नावाची छोटी गाडी समुद्राच्या कडेकडेने जाते. लुक्रिनोला उतरलं की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला लुक्रिनोचं तळं. तळं आता लहान आहे. 1538 मध्ये इथे शेजारीच आठवडाभरात एक नवा डोंगर उभा राहिला आणि त्याने तळ्याचा मोठा भाग गिळला. त्या डोंगराचं नावच मोन्ते नुओव्हो, नवा डोंगर.

अग्रिप्पा इथे आला तो इ.स.पू. 37 मध्ये. कॉन्सल होता, म्हणजे रोमचं सर्वोच्च पद. वय पंचविशीच्या जरासं पुढे. प्रसंग बाका होता. सिसिली बेट ऑक्टेव्हियनचा प्रतिस्पर्धी सेक्स्टस पॉम्पी याच्या ताब्यात होतं, समुद्रावर त्याचंच आरमार, आणि रोमला येणारं धान्य त्याने अडवून धरलेलं. शहरात लोक उपाशी. ऑक्टेव्हियन समुद्रावर त्याच्याशी लढायला गेला आणि सपाटून हरला. अग्रिप्पा तेव्हा गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, विजय मिळवून परतत होता. सीझरनंतर ऱ्हाईन नदी ओलांडणारा तो दुसरा रोमन सेनापती. त्या विजयाची मिरवणूक त्याला मंजूर झाली होती, ती त्याने नाकारली. मित्र हरलेला असताना आपण वाजतगाजत शहरात शिरायचं, हे त्याला पटलं नाही.

मिरवणुकीऐवजी त्याने बंदर बांधायला घेतलं, आणि तेही शत्रूला समुद्रातून दिसणार नाही अशा ठिकाणी. लुक्रिनोचं तळं आणि समुद्र यांच्यामध्ये एक अरुंद बांध होता, तो त्याने फोडला. लुक्रिनोच्या मागे डोंगरांच्या कडेत बसलेलं अव्हेर्नोचं तळं आहे, तिथवर कालवा खणला. दोन तळी आणि समुद्र एका पाण्यात आणले. बाहेरच्या बाजूला जहाजांची ये-जा, आत अव्हेर्नोत निवांत बांधणी आणि सराव. या बंदराला त्याने मित्राच्या घराण्याचं नाव दिलं, पोर्टस ज्युलियस.

अव्हेर्नोभोवती चालत फेरी मारली. तीनेक किलोमीटरची वाट, गोल ज्वालामुखीचं विवर, काठावर द्राक्षांचे मळे. याच पाण्यातून पाताळाची वाट जाते, अशी जुन्या लोकांची श्रद्धा. काठावर इतकं दाट रान होतं की पाण्यावर कायम अंधार असे, आणि वरून उडणारे पक्षी मरून पडतात असं म्हणत. अग्रिप्पाने ते रान तोडलं. जहाजांना लाकूड मिळालं आणि जागेवरची भीतीही गेली. आज पाण्यावर काळी बदकं शांतपणे पोहत होती. आम्ही काठावर बसून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. लेकीने विचारलं, "इथे सराव करून माणसं तयार होतील? लाट तर दिसत नाही."

तेच त्याला हवं होतं. 20,000 गुलामांना स्वातंत्र्य देऊन वल्ह्यावर बसवलं होतं, त्यातल्या बहुतेकांना समुद्राची सवय नसणार. हिवाळाभर या शांत पाण्यात हात बसले, मग पुढे खरा समुद्र. ही माणसं वल्ह्यासाठी लागत होती म्हणून मोकळी झाली, एरवी कुणी सोडली नसती, हेही बदकांकडे बघताना मनात येत राहिलं.

अव्हेर्नोच्या पश्चिमेच्या डोंगरातून कुमाच्या दिशेला आरपार बोगदा आहे, सुमारे एक किलोमीटर लांब. त्याचा स्थापती लुशियस कोक्केयस ऑक्टस, त्याच्याच नावाने बोगदा ओळखतात. दुसऱ्या महायुद्धात आत दारूगोळा साठवला होता, त्याच्या स्फोटाने नुकसान झालं, त्यामुळे आत सोडत नाहीत. फाटकाशी जाऊन परतलो.

सेक्स्टसचे खलाशी अधिक मुरलेले होते. त्यावर अग्रिप्पाने दोन उपाय केले. एक, जहाजं मोठी आणि जड बांधली. दुसरा म्हणजे हार्पाक्स. पाच हात लांबीचा ओंडका, लोखंडाने मढवलेला, पुढच्या टोकाला आकडा आणि मागच्या टोकाला दोर. तो यंत्राने फेकून शत्रूच्या जहाजात रुतवायचा आणि दोर ओढून जहाज जवळ घ्यायचं. असे आकडे पूर्वीही होते, पण शत्रू चटकन दोर कापून टाकी. इथे दोर ओंडक्याच्या मागच्या टोकाला, तिथवर कुणाची तलवार पोहोचायची नाही. आणि ओंडक्याला लोखंड, त्यामुळे तोही तुटायचा नाही. इ.स.पू. 36च्या सप्टेंबरात नाउलोखसला लढाई झाली. सेक्स्टसची 28 जहाजं बुडाली, 17 निसटली, बाकीची जळाली किंवा हाती लागली. अग्रिप्पाची 3 गेली. जहाजांच्या नाळांची चिन्हं असलेला सोन्याचा मुकुट त्याला मिळाला, आरमारी मुकुट.

संध्याकाळी लुक्रिनोच्या किनाऱ्यावर उभे राहिलो. पोर्टस ज्युलियस आता समोर, पाण्याखाली आहे. जमीन खचली आणि बंदराच्या भिंती, गोदामं, रस्ते सगळं काही मीटर खाली गेलं. वरून फक्त निळं पाणी. काचेच्या तळाच्या होडीतून बाया नावाचं बुडालेलं रोमन शहर पाहता येतं म्हणून उद्याची जागा राखली होती, पण वारा सुटल्याने फेरी रद्द झाल्याचा निरोप रात्री आला.

तिसरा दिवस : बाकोली

होडी गेली म्हणून सकाळ मोकळी मिळाली आणि पिशिना मिराबिलिससाठी पोटभर वेळ झाला. या एका जागेसाठी मी इतक्या लांब आले असते.

बाकोली हे मिझेनोच्या टोकाशी असलेलं गाव. अव्हेर्नोचं बंदर गाळाने भरत चाललं तेव्हा आरमार मिझेनोला हलवलं. हजारो खलाशी एका जागी, म्हणजे हजारो माणसांचं पाणी. त्यासाठी डोंगरात खोदून ही टाकी बांधली. पाणी यायचं सेरिनोच्या झऱ्यांवरून, जवळजवळ 100 किलोमीटरवरून, अक्वा ऑगस्टा नावाच्या जलवाहिनीने. वाटेत पोंपेई, नापोली, पोत्सुओली अशा गावांना फाटे देत देत शेवटी इथे. आजच्या भाषेत प्रादेशिक पाणीपुरवठा योजना. काम ऑगस्टसच्या काळातलं, आणि या योजनेमागे अग्रिप्पाच असावा असं अनेक अभ्यासक मानतात.

वेळ आधी ठरवून यावं लागतं. साध्या घरांच्या ओळीत एक फाटक, मग खाली उतरणारा दगडी जिना. पहिल्या वीस पायऱ्या उतरताना काही दिसत नव्हतं. मग डोळे सरावले.

48 खांब. चार रांगा, प्रत्येक रांगेत बारा. लांबी 70 मीटर, रुंदी 25, उंची 15. छतातल्या झरोक्यांतून उजेड तिरपा खाली येतो आणि खांबांवरून हिरवट होऊन उतरतो. पाय वाजला तर आवाज लांबवर जाऊन परत येतो. क्षमता 12,600 घनमीटर, म्हणजे 1 कोटी 26 लाख लिटर. आमच्याकडे दहा लाख लिटरचा जलकुंभ बांधायचा तर मंजुरीपासून चाचणीपर्यंत काय काय होतं ते मला माहीत आहे. मी खांबाला हात लावून उभी राहिले. लेक काही बोलली नाही, तीही लांब जाऊन उभी राहिली.

मग मी बसले आणि जवळून बघायला लागले. भिंतीला आणि खांबांना गिलावा आहे. चुन्यात विटांची भुकटी कालवून केलेला. आपली सुरखीच. जाडजूड, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, त्यावर क्षारांचा पांढुरका थर. कित्येक ठिकाणी अजून अभंग. आणि भिंत जिथे तळाला मिळते तो कोपरा गोल भरून काढलेला. आमच्याकडचे गवंडी त्याला वाटा म्हणतात. टाकीतल्या काटकोनात गाळ बसतो, तो धुताना निघत नाही, आणि गळतीही तिथूनच सुरू होते. म्हणून कोपरा गोल करायचा. हे ज्याने पहिल्यांदा केलं असेल त्याने टाकी रिकामी करून, आत उतरून, हाताने गाळ काढलेला असणार. कागदावर नकाशा काढणाऱ्याला हे सुचत नाही.

तळाच्या मधोमध आडवा एक खोलगट हौद आहे, मीटरभराहून थोडा खोल. टाकी साफ करताना सगळा गाळ तिकडे लोटायचा आणि तिथून बाहेर काढायचा. मी त्या हौदाच्या कडेला उकिडवी बसून वाट्याचे फोटो काढले आणि आमच्या जुन्या लाइनमन मामांना पाठवले. मामा निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली. शहरातली कुठली चावी किती फेरे फिरवली की कुठल्या गल्लीत पाणी चढतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. नकाशे आम्ही नंतर केले, तेही त्यांना विचारून.

वेळ संपली म्हणून बाहेर पडलो. वर ऊन होतं आणि कुणीतरी अंगणात कपडे वाळत घालत होतं, टाकीच्या छतापासून दहा पावलांवर.

चौथा दिवस : रोमच्या गाडीत, मग पँथिऑन

नापोली ते रोम वेगवान गाडीने सव्वा तास. तेवढ्यात लेकीला ॲक्टियमची आरमारी लढाई सांगितली. इ.स.पू. 31, 2 सप्टेंबर. ऑक्टेव्हियनचा प्रतिस्पर्धी अँटनी आणि क्लिओपात्रा एका बाजूला, ऑक्टेव्हियन दुसऱ्या. लोकांना त्या दिवसाची लढाई आठवते, मला मात्र त्याआधीचे महिने महत्त्वाचे वाटतात. अग्रिप्पाने आधी मेथोनी घेतलं, मग ल्युकास, पात्रास, करिंथ. अँटनीच्या आरमाराला जिथून धान्य येत होतं त्या नाड्या एकेक करून आवळल्या. लढाईच्या दिवसापर्यंत समोरचं सैन्य भुकेने आणि रोगराईने अर्धं खचलेलं होतं. सेक्स्टसने रोमला उपाशी ठेवलं होतं, त्यातून तो हेही शिकला असावा.

दुपारी पँथिऑन, रोमन देवांचं जुनं मंदिर. चौकात शिरलं की आधी ती अक्षरं दिसतात. M आणि AGRIPPA ही लॅटिन अक्षरं तर दुरूनही वाचता येतात. पूर्ण ओळीचा अर्थ असा : लुशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं. तिसरं कॉन्सलपद म्हणजे इ.स.पू. 27. पण आज उभी आहे ती इमारत त्याची नाही. त्याची जळाली, नंतरची दुरुस्त केलेलीही जळाली, आणि हेड्रियन बादशहाच्या काळात, इ.स. 125च्या सुमारास, ही पूर्ण झाली. हेड्रियनने नाव मात्र दीडशे वर्षांपूर्वीच्या अग्रिप्पाचंच ठेवलं.

मूळ इमारतीत ऑगस्टसचा पुतळा ठेवून तिला त्याचंच नाव द्यावं, असं अग्रिप्पाच्या मनात होतं. ऑगस्टसने दोन्हीला नकार दिला. मग आत सीझरचा पुतळा ठेवला आणि बाहेरच्या दालनात या दोघांचे.

आत घुमट 43 मीटर व्यासाचा, वर उघडं भोक. पाऊस सरळ आत येतो. मी जमिनीकडे बघत फिरत होते. मध्ये उंचवटा, तिथून अलगद ढाळ, आणि फरशीत पाण्याला वाट देणारी 22 छोटी छिद्रं. लोक वर बघून फोटो काढत होते. एका लहान मुलाने मात्र गुडघ्यावर बसून छिद्रात बोट घातलं, त्याच्या आजोबांनी त्याला उचललं.

इमारतीच्या मागच्या गल्लीत, पाच मिनिटांवर, घरांच्या भिंतींत अडकलेला विटांचा अर्धा गोल दिसतो. अग्रिप्पाच्या स्नानगृहांच्या जागेवरचा हा अवशेष, पुढच्या काळातल्या दुरुस्तीचा. रोममधली पहिली मोठी सार्वजनिक स्नानगृहं ही, आणि मरताना त्याने ती लोकांना देऊन टाकली, आंघोळ फुकट. आता खाली दुकानं आहेत आणि एका खिडकीत तुळस होती, त्यांची ती रुंद पानांची.

पाचवा दिवस : अक्वा व्हर्गो

इ.स.पू. 33. ॲक्टियमच्या आधी दोन वर्षं. या वर्षात अग्रिप्पाने जे केलं तसं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. कॉन्सल होऊन गेलेला माणूस त्याने ईडाईल होणं पत्करलं. ईडाईल म्हणजे शहरातले रस्ते, इमारती, बाजार, पाणी बघणारा अधिकारी. पदांच्या पायरीवर कितीतरी खाली. मंत्रिपद भोगलेल्याने नगरपालिकेचं आरोग्य खातं मागून घ्यावं, तसं. सरकारी तिजोरीतून काही न घेता त्याने रस्ते आणि इमारती दुरुस्त केल्या. पाण्याच्या बाबतीत तर जुन्या तीन वाहिन्या, अप्पिया, आनियो व्हेतुस आणि मार्सिया, नीट केल्या आणि ज्युलिया ही नवी आणली. थोरला प्लिनी या रोमन लेखकाने आकडे दिले आहेत : 700 हौद, 500 कारंजी, 130 वाटप टाक्या. ते वाचताना मी 130 वर थांबले. पाणी लांबून आणणं सोपं म्हणावं, इतकं ते वाटणं अवघड असतं. वाटप टाकीशिवाय जो नळ वाहिनीच्या जवळ त्याला धो धो आणि टोकाच्या वस्तीला थेंब. ते ज्याला कळलं त्याला पाणीपुरवठा कळला.

पुढे इ.स.पू. 19 मध्ये त्याने अक्वा व्हर्गो आणली, मुख्यतः आपल्या स्नानगृहांसाठी. तहानलेल्या सैनिकांना एका कुमारिकेने झरा दाखवला म्हणून व्हर्गो, अशी कथा. त्रेव्हीच्या कारंज्यावर ती कोरली आहे. गर्दीत घुसून उजव्या हाताला वर पाहायचं : मुलगी झरा दाखवते आहे. डाव्या हाताला वर : अग्रिप्पा वाहिनीचा आराखडा बघतो आहे. खाली सगळे जण पाठ करून नाणी टाकत होते. लेकीला म्हटलं, "वर बघ, डाव्या बाजूला. तो आपला माणूस."

कारंजं 1762 मध्ये पूर्ण झालं, पण ते उभं आहे अग्रिप्पाच्या वाहिनीच्या मुखाशी. ही वाहिनी जवळजवळ 21 किलोमीटर लांब, बहुतांश जमिनीखालून, आणि उगमापासून शहरापर्यंत उतार सगळा मिळून सुमारे 4 मीटर. किलोमीटरला 20 सेंटिमीटरही नाही. लेव्हल धरून काम केलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. एका जागी बोटभर चुकलं तर पाणी साचणार, नाहीतर मागे फिरणार. जमिनीखाली असल्याने ती वाचली असावी. सहाव्या शतकात गॉथ लोकांनी रोमला वेढा घालून बाकीच्या वाहिन्या तोडल्या, तरी हिचं पाणी पुढच्या काळातही कमीजास्त येत राहिलं, आणि पोपांनी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त केली.

उताराचा परिणाम स्पॅनिश पायऱ्यांपाशी दिसतो. तिथलं बार्काच्चा कारंजं म्हणजे अर्धवट बुडालेली दगडी होडी, जमिनीच्या पातळीखाली. व्हर्गोच्या पाण्याला तिथे दाबच नव्हता, उंच फवारा निघणं शक्य नव्हतं. म्हणून कारागिराने बुडती होडी केली. हेड, म्हणजे पाण्याचा दाब, कमी पडलं तर आम्ही बूस्टर पंप लावतो, त्याने शिल्प केलं.

त्रेव्हीच्या जवळच व्हिया देल त्रितोनेवरच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात या वाहिनीच्या कमानी उघड्या करून ठेवल्या आहेत, साठेक मीटर. वर अत्तरं आणि बॅगा, सरकत्या जिन्याने खाली गेलं की पंधरा कमानी. कुणी तिकीट मागत नाही. शेजारच्या व्हिया देल नाझारेनोत रस्त्याच्या पातळीखाली आणखी एक तुकडा दिसतो, त्यावर क्लॉडियस बादशहाने केलेल्या दुरुस्तीचा लेख आहे.

दारू महाग झाली म्हणून लोक ओरडत आले तेव्हा ऑगस्टसने उत्तर दिलं होतं की माझ्या जावयाने, अग्रिप्पाने, कुणी तहानलेलं राहू नये एवढं पाणी आणून ठेवलं आहे. जावई हेही खरं. इ.स.पू. 21 मध्ये ऑगस्टसने त्याला असलेली बायको सोडायला लावून आपली मुलगी ज्युलिया दिली. तो चाळिशीपार, ती अठरा वर्षांची. त्याच घराण्यातून पुढे कालिगुला आला, नातू, आणि नीरो, पणतू. हे वाचून वाईट वाटतं.

रात्री खानावळीत मी लेकीला 240 माणसांबद्दल सांगितलं. वाहिन्यांच्या देखभालीसाठी अग्रिप्पाने स्वतःची 240 माणसांची टोळी ठेवली होती. कुणी टाक्या बघणारे, कुणी गिलावा करणारे, कुणी फरशी बसवणारे. सगळे गुलाम, त्याच्या मालकीचे. मरताना ती टोळी त्याने ऑगस्टसला दिली आणि ऑगस्टसने सरकारजमा केली. म्हणजे रोमचं पाणीपुरवठा खातं त्या 240 माणसांतून उभं राहिलं. अग्रिप्पाचं नाव पँथिऑनवर तळहाताहून मोठ्या अक्षरांत आहे. या 240 मधल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

सहावा दिवस : गटार, वेदी, थडगं

सकाळी पोन्ते पालातिनो पुलावर. काठाच्या भिंतीत झाडोऱ्याआड एक कमान दिसते, क्लोआका मॅक्सिमाचं तोंड. रोमचं मुख्य गटार. त्या ईडाईलच्या वर्षात अग्रिप्पाने गटारं साफ करून घेतली आणि मग स्वतः होडीत बसून आतून थेट टायबर नदीपर्यंत आला. लोक याला धाडस म्हणतात. मला ती पाहणी वाटते. काम झालं की नाही हे बघायचा दुसरा मार्गच नसतो. मी चेंबरमध्ये उतरायचे तेव्हा बाहेरचे लोक नको म्हणायचे, आतले कामगार मात्र हात द्यायचे.

तिथून आरा पाचिस. शांततेची वेदी, काचेच्या मोठ्या दालनात. दक्षिणेच्या भिंतीवर राजघराण्याची मिरवणूक कोरली आहे. त्यात एक उंच माणूस, डोक्यावरून वस्त्र ओढलेला, गाल आत गेलेले, नजर खाली. तो अग्रिप्पा. मागे एक लहान मूल त्याच्या कपड्याचा शेव घट्ट धरून उभं आहे. वेदीचा ठराव इ.स.पू. 13 मध्ये झाला, ती वाहिली गेली 9 मध्ये. मधल्या काळात हा माणूस गेला होता. त्या मुलाच्या मुठीत चुरगळलेलं कापड कोरणाऱ्याने फार जपून केलं आहे.

चांगलंच सांगत सुटले आहे, म्हणून हेही लिहिते. इ.स.पू. 19 मध्ये, व्हर्गोचं पाणी शहरात आलं त्याच वर्षी, अग्रिप्पा स्पेनच्या उत्तरेला कांताब्री लोकांचं बंड मोडत होता. लढण्याच्या वयाचे जवळजवळ सगळे पुरुष मारले, उरलेल्यांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना डोंगरातून खाली मैदानात आणून बसवलं. त्या विजयाचीही मिरवणूक त्याने नाकारली. रोमकरांना पाणी देणारे हात आणि हे हात एकच.

आरा पाचिसच्या समोरच ऑगस्टसचं थडगं, विटांचा अवाढव्य गोल. आत काम चालू होतं, बाहेरूनच पाहिलं. इ.स.पू. 12च्या मार्चमध्ये अग्रिप्पा पॅनोनियाच्या, म्हणजे डॅन्यूब नदीकडच्या मुलखातल्या, मोहिमेवरून परतला आणि काम्पानियात आजारी पडला, आम्ही तीन दिवस फिरलो त्याच मुलखात. निरोप मिळाला तेव्हा ऑगस्टस रोममध्ये उत्सवाचे खेळ भरवत होता. तो निघाला, पण पोहोचेपर्यंत मित्र गेलेला. देह रोमला आणला, चौकात भाषण त्यानेच केलं. अग्रिप्पाने स्वतःसाठी वेगळं थडगं बांधून ठेवलं होतं. ऑगस्टसने त्याला तिथे ठेवलं नाही, आपल्या या थडग्यात नेलं. वय पन्नाशीच्या आसपास.

आम्ही कुंपणाशी उभ्या होतो. लेकीने पाण्याची बाटली भरून आणली, कोपऱ्यावरच्या लोखंडी नळातून. इथे असे नळ सगळ्या शहरात आहेत, वाकड्या तोटीचे, चोवीस तास वाहते. तेवढ्यात फोन वाजला. मामांचं उत्तर, तीन दिवसांनी. त्यांना टाइप करायला वेळ लागतो.

"मॅडम फोटो बघितले. वाटा झकास मारलाय. टाकी धुवायला किती माणसं उतरायची तेवढं विचारून या."